थंडीपुरती धक्क्याला

सिंगापूरला थंडी नसते. जानेवारीत नसते, जुलैत नसते, आणि मधल्या महिन्यांत असायचा प्रश्नच येत नाही. तरीसुद्धा शहाण्णव साली माझा मामा थंडीचे महिने काढायला तिथे एका शिडाच्या बोटीवर राहायला गेला. ते काम त्याला मी मिळवून दिलं.

बोट माझ्या साहेबाची. साहेब डेन्मार्कचा, आडनाव यॉर्गनसेन. पण रॅफल्स प्लेसच्या आमच्या बँकेत कॉम्प्युटर विभागात पुण्या-मुंबईचीच पोरं जास्त, त्यामुळे तो पहिल्या आठवड्यातच जोगळेकर झाला. त्याला कुणी सांगितलं नाही. जोगळेकर दर नोव्हेंबरात बोट तुआसजवळच्या मरीनात, म्हणजे हौशी बोटींच्या धक्क्यावर, बांधून टाकायचा, ती थेट मार्चमध्ये सोडायचा. त्यांच्या गावी थंडीत समुद्र गोठतो म्हणून असं करतात. सिंगापूरचा समुद्र गोठत नाही हे त्याला मान्य होतं. पण त्याच्या आजोबांनी थंडीत बोट काढली नव्हती, वडिलांनी काढली नव्हती, आणि घराण्यात आपण पहिले ठरावं अशी त्याची इच्छा नव्हती. चातुर्मासात कांदा का खायचा नाही असं विचारल्यावर आपल्याकडे जसं तोंड होतं, तसं त्याचं व्हायचं.

त्या वर्षी हेड ऑफिसनं त्याला चार महिने घरी बोलावून घेतलं. बोटीवर राहायला भरवशाचा माणूस हवा होता. तळात साचलेलं पाणी उपसायचं, दोर तपासायचे, आणि दर रविवारी हीटर चालवायचा. बोट डेन्मार्कहून आलेली, म्हणून तिच्यात हीटर होता. चालवला नाही तर जाम होतो. मी म्हटलं, माझा मामा आहे. मामाच्या तिथे राहायच्या पासचं वगैरे जोगळेकरनं बघितलं.

पद्माकरमामा जन्मभर बोटीवर होता. म्हणजे मोठ्या, मालाच्या. चीफ इंजिनियर. त्याचं इंजिन तीन मजली होतं आणि त्यात तो आतून जिना चढायचा. जुलैत सिंगापूरच्या जवळच त्याला हार्ट अटॅक आला. बोटीनं त्याला इथल्या हॉस्पिटलात उतरवलं, आणि माल नाशवंत असल्यामुळे ती पुढे निघून गेली. डॉक्टरनं समुद्रासाठी कायमचा अनफिट ठरवला. दोर ओढायचा नाही, जिना धावत चढायचा नाही, आणि जिभेखालची गोळी कायम खिशात.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर तो रत्नागिरीला घरी जाईल असं मला वाटलं होतं. तो टॅम्पिनीसला माझ्या फ्लॅटवर आला. तिथे आधीच आम्ही चौघं होतो. मामा हॉलमध्ये झोपायचा. दिवसभर करायला काही नाही, म्हणून त्यानं आमचा फ्रिज दुरुस्त केला, मग वॉशिंग मशीन, मग शेजारच्या चिनी आजींचा पंखा. तो मजला संपल्यावर तो गप्प गप्प झाला.

"मामीला सांगितलंस का?" मी विचारलं.

"दर रविवारी फोन करतो की."

"पण सांगितलंस काय?"

"बोटीवर आहे म्हटलं."

आमच्याकडे 'ते बोटीवर असतात' एवढं म्हटलं की पुरतं. बोट केवढी, ती हलते की नाही, असं कुणी विचारत नाही. नोकरीही त्यात आली, पगारही आला, घरी नसणंही आलं. मामाला खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात. फोनवर कान दिसत नव्हते एवढंच. म्हणून जोगळेकरनं विचारलं तेव्हा मला बरं वाटलं. नोव्हेंबरापासून मामा रविवारी बायकोशी खरं बोलायला लागला.

बोटीचं नाव सिग्रिड. लांबीला आमच्या फ्लॅटपेक्षा जरा जास्त, रुंदीला आमच्या पॅसेजपेक्षा जरा जास्त. आत दोन बाकं, एक टेबल, पुढे त्रिकोणी पलंग. पायऱ्यांखाली इंजिन होतं, वॉशिंग मशीनएवढं. मामानं ते पहिल्याच दिवशी उघडलं, आणि चार दिवस पुसत होता. मी शनिवारी जायचो. टॅम्पिनीस हे बेटाचं एक टोक, तुआस दुसरं. बून लेपर्यंत एमआरटीची गाडी, पुढे बस, पुढे छत्री. मरीनाच्या फाटकावर लिम नावाचा सिक्युरिटीवाला होता. तो मामाला कॅप्टन म्हणायचा. इंजिनियरला कॅप्टन म्हणणं हा अपमान असतो हे त्याला माहीत नव्हतं. मामा रोज दुरुस्ती करायचा, "चीफ." लिम म्हणायचा, "येस, कॅप्टन."

नोव्हेंबरच्या अखेरीला सुलभामामी रिटायर झाली. ती रत्नागिरीला मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. त्या रविवारी मी मामाच्या शेजारीच उभा होतो, मरीनाच्या कार्डफोनपाशी. मला फक्त मामाचीच बाजू ऐकू येत होती.

"अभिनंदन," मामा म्हणाला. "नारळ दिला का?" मग बराच वेळ ऐकत राहिला. "इकडे? इकडे म्हणजे कुठे?... अगं, बोट उभी आहे... थंडीपुरती. धक्क्याला लावलीय... हो. थंडी म्हणजे, थंडीच."

फोन ठेवला तेव्हा कान लाल होते.

"येतेय," तो म्हणाला. "बोटीवर राहायला. म्हणाली, उभ्या बोटीत चढायला बरं. स्वेटर आणते म्हणाली."

आता हे सांगायला हवं की कंपनी अधिकाऱ्यांच्या बायकांना बोटीवर न्यायला परवानगी द्यायची. मामी कधीच गेली नव्हती. आधी सासूबाई होत्या, मग मुलीची, रश्मीची, शाळा होती, मग स्वतःची शाळा. "रिटायर झाले की येईन" असं ती म्हणायची, आणि मामा "ये की" म्हणायचा. दोघांचंही ते म्हणणं इतकं जुनं होतं की ते खरं होईल अशी भीती कुणालाच वाटली नव्हती.

"सांगून टाक आता," मी म्हटलं.

"समोर आली की सांगतो. असं फोनवर बरं नाही."

विमानतळावर जाताना बसमध्ये आम्ही गोष्ट रचली. मोठी बोट डॉकमध्ये गेलीय. थंडीत जातेच. तोवर चीफ इंजिनियरला कंपनीनं छोटी बोट दिलीय राहायला. खलाशी सुट्टीवर. मी म्हटलं, मामा, यावर चार वर्षांचं पोरही विश्वास ठेवणार नाही. तो म्हणाला, "दोन दिवसांचा प्रश्न आहे. मग सांगतोच आहे."

मामी बाहेर आली ती अंगात स्वेटर, खांद्यावर शाल. बाहेर इतकं गरम होतं की टॅक्सीवालाही तक्रार करत होता. तिनं टॅक्सीत सगळी गोष्ट ऐकून घेतली. एकदाही मध्ये बोलली नाही. शेवटी म्हणाली, "आणि थंडी कुठाय?"

मामानं माझ्याकडे बघितलं.

"बोट डेन्मार्कची आहे, मामी," मी म्हटलं. "ती तिकडची थंडी पाळते."

"म्हणजे माहेरचं पंचांग," मामी म्हणाली, आणि स्वेटर काढून घडी घातली.

बोटीवर आल्यावर तिनं डोलकाठीच्या टोकापर्यंत मान वर करून बघितलं, मग खाली मामाकडे. नाव वाचलं. सिग्रिडची तिनं त्याच दिवशी शेगडी केली आणि पुढे तेच राहिलं. मग सूटकेस उघडली. तिच्यात साड्या तीन आणि बाकी सगळ्या लोकरीच्या कानटोप्या. हिरव्या, निळ्या, एक गुलाबी.

"खलाशांना," ती म्हणाली. "थंडीत डेकवर उभी असतात बिचारी."

"खलाशी सुट्टीवर आहेत गं," मामा म्हणाला.

"येतील ना परत?"

"येतील."

मग ती इंजिन बघायला पायऱ्यांखाली वाकली. जन्मभर ज्या इंजिनाच्या गोष्टी ऐकल्या त्याच्या जागी वॉशिंग मशीन. बराच वेळ बघून म्हणाली, "लहान आहे. पण स्वच्छ आहे." मामा लगेच तिला तेल कुठून घालतात ते दाखवायला लागला.

दोन दिवसांचा प्रश्न होता तो पुढे सरकत गेला. पाऊस रोज यायचा, दुपारी यायचाच. बोटीतलं सगळं ओलं व्हायचं, आणि जे ओलं होत नसे त्याला बुरशी यायची. मामीनं दोन सरींच्या मधल्या उन्हात डेकवर पापड वाळत घातले. मरीनाच्या ऑफिसातून बाई आली आणि डेकवर कपडे वाळवायला बंदी आहे म्हणाली. मामीनं तिला एक पापड दिला. बाईनं तो उलटसुलट बघितला, कपडा नाही याची खात्री करून घेतली आणि गेली. संडासाला हातपंप होता, तो मारायचं तंत्र मामानं तिला तीनदा समजावलं. ती म्हणाली, "माझ्या माहेरी विहिरीवर असाच पंप होता. फक्त तो पाणी वर आणायचा." स्वयंपाकाची शेगडी दोन्ही बाजूंनी टांगलेली होती, बोट कशीही कलली तरी ती आपली सपाट. त्यावर मामीनं वरणभात केला, घावन केले, एकदा पुरणपोळीसुद्धा केली. बोट हलत होती, कढई हलत नव्हती. मामा बाकावर बसून जेवायचा आणि म्हणायचा, "असं मेसमध्ये कधी नाही मिळालं."

"मेसमध्ये मी नव्हते," मामी म्हणायची.

रविवारी हीटर लावायचा. तिघं घामाघूम होऊन बाहेर पावसात उभे राहायचो आणि आतून बोट गरम होत असायची. मामी म्हणायची, "देवाला नैवेद्य दाखवतात तसं आहे. खात नाही, पण दाखवायचा."

टोप्या तिनं वाटायला काढल्या. खलाशी नसल्यामुळे पहिली लिमला गेली. लिमची चौकी एसी होती. तो ती घालून बसायला लागला आणि म्हणाला, व्हेरी गुड ला, कॅप्टनची मिसेस. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सिंगापुरात थंडी असते, पण ती आत असते. आमच्या ऑफिसात तर कॉम्प्युटर बिघडू नयेत म्हणून माणसं गोठवत. मी एक टोपी घालून गेलो. शेजारी बसणाऱ्या दीपेशनं मागितली, मग टेबलाटेबलावरून मागणी आली. नाताळपर्यंत रॅफल्स प्लेसच्या एका अख्ख्या मजल्यावर रत्नागिरीच्या कानटोप्या बसलेल्या होत्या. मामीला मी सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "गुलाबी कुणी घेतली?" मी म्हटलं, ऑडिटवाल्यानं. ती खूप दिवसांनी हसली, मामासुद्धा.

मामाचं सांगायचं मात्र होत नव्हतं. मी असलो की तो मला डोळ्यांनी बाहेर जा म्हणायचा, मी छत्री घेऊन धक्क्यावर उभा राहायचो, आणि आतून ऐकू यायचं.

"सुलभा, एक सांगायचं होतं."

"सांगा ना."

मग, "गोडं पाणी जरा जपून वापर. टाकी लहान आहे."

दुसऱ्यांदा त्यानं गॅसच्या नळीबद्दल सांगितलं. तिसऱ्यांदा, डेकवर चालताना एक हात स्वतःसाठी आणि एक हात बोटीसाठी ठेवायचा असतो, हे. मामीनं प्रत्येक वेळी "बरं" म्हटलं आणि प्रत्येक वेळी ती जरा थांबून राहिली. वाटायचं, अजून काहीतरी येईल म्हणून थांबलीय.

मामीचं परतीचं तिकीट संक्रांतीनंतरचं होतं. त्याच्या आधीच्या शनिवारी मरीनाच्या ऑफिसातून निरोप आला की आमच्या बाजूचा तरंगता धक्का दुरुस्तीला काढायचाय, बोट समोरच्या रांगेत हलवा. समोरची रांग म्हणजे दगड मारला तर पोचेल एवढी लांब. मामीला कळल्यावर ती पुढच्या पलंगावर गेली आणि ठेवणीतली साडी नेसून आली. हातात पर्स.

"कुठे निघालीस?" मामानं विचारलं.

"बोट निघालीय ना? मग मी पण."

ती पुढे टोकाला जाऊन बसली, पाय जुळवून, पर्स मांडीवर. मामानं इंजिन चालू केलं. त्या वॉशिंग मशीननं दोनदा खोकून सूर धरला तेव्हा मामाचं तोंड असं झालं की मी दुसरीकडे बघितलं. सुकाणू त्याच्याकडे, दोर माझ्याकडे. मला त्यानं सकाळपासून समजावलं होतं, कुठला दोर आधी, कुठला नंतर. मी कॉम्प्युटरवाला. माझ्या कामात चुकलं तर उलटं करायचं बटण असतं.

अर्ध्यापर्यंत छान गेलो. मामीनं एकदा मागे वळून विचारलं, "किती वेग असेल हो?"

"माणूस चालतो तेवढा," मामा ओरडून म्हणाला. "म्हातारा."

मग आभाळ काळं झालं आणि वारा एकदम बाजूनं आला. नव्या जागी पोचलो होतो, मी उडी मारून दोर खुंटाला अडकवायचा होता. मी उडी मारली, दोर बोटीतच राहिला. बोट शेजारच्या ऑस्ट्रेलियन बोटीकडे आडवी सरकायला लागली. मामानं सुकाणू सोडलं, पुढे आला, दोर माझ्याकडे फेकला आणि दुसरं टोक धरून सगळ्या अंगानं ओढलं. बोट आली. नीट, अलगद, धक्क्याला टेकली. मामा तिथेच डेकवर बसला. त्याचा रंग गेला होता आणि हात खिसे चाचपत होता, आणि खिशात काही सापडत नव्हतं.

मामी उठली. एक हात स्वतःसाठी, एक हात बोटीसाठी, अशी धरत धरत त्याच्यापर्यंत आली, पर्स उघडली, खाकी पाकिटातून एक गोळी काढली आणि म्हणाली, "जीभ वर करा."

पाकिटावर रत्नागिरीच्या मेडिकलचा शिक्का होता.

पावसात आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. मामाचा रंग हळूहळू परत आला. त्यानं पाकिटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"कोणी सांगितलं तुला? मंदारनं?"

"मंदार काय सांगतोय. त्यानं तर टॅक्सीत मला डेन्मार्कचं पंचांग सांगितलं." मामी त्याचं डोकं पदरानं पुसत होती. पदरही ओलाच होता. "कंपनीनं फोन केला होता. जुलैत, शाळेत. तुम्ही बेशुद्ध होतात. जवळचं माणूस म्हणून माझंच नाव होतं त्यांच्याकडे."

मामाला सगळं आठवलं होतं. मला गप्प बसवायचं, हॉस्पिटलचे कागद लपवायचे, फोनवर मागे वाऱ्याचा आवाज यावा म्हणून खिडकीशी उभं राहायचं. ती आपलं जवळचं माणूस आहे हे तेवढं राहून गेलं होतं.

"मग तेव्हाच का नाही आलीस?"

"पासपोर्टचा अर्ज केला. निघणारच होते. तेवढ्यात रविवारी तुमचा फोन आला. आवाज चांगला होता. म्हटलं, कुठे आहात? तुम्ही म्हणालात, बोटीवर." तिनं पदर पिळला. "म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतील."

"आणि टोप्या?" मी विचारलं. मला तेवढंच सुचलं.

"फोन ठेवला की एक घ्यायची विणायला," मामी म्हणाली. "आठवडाभर पुरायची."

म्हणजे खलाशांचा संबंध नव्हता. जितके रविवार तितक्या टोप्या. रॅफल्स प्लेसचा तो अख्खा मजला मामाचे न सांगितलेले रविवार डोक्यावर घालून बसला होता. मी हे बोललो नाही. बोलण्यासारखं ते एकच वाक्य माझ्या आयुष्यात मी गिळलं असेल.

आत जाऊन मामीनं चहा केला, तोवर मी तिला जोगळेकरचं आणि त्याच्या बोटीचं सांगून टाकलं. शेगडी सपाट होती.

"घरी चला," ती म्हणाली.

मामा कप धरून बसला होता. "मी घरी काय करू?"

"राहा."

"ते मला येत नाही, सुलभा. मी घरी आलो की पहिले पंधरा दिवस लोक भेटायला येतात. मग आपण गणपतीपुळ्याला जातो. मग मी नळ दुरुस्त करतो. नळ झाले की पंखे. मग तू म्हणतेस, कधी निघायचंय? तेव्हा मला जरा बरं वाटतं." त्यानं चहा पिऊन टाकला. "आता ते विचारणारच नाहीस तू. मग पंखे झाल्यावर काय?"

मला वाटलं मामी म्हणेल, मी आहे ना. ती तसं म्हणाली नाही. प्रामाणिक बाई होती.

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सलग इतके दिवस घरात असलात तर तुमची कपबशी कुठली, हेसुद्धा मला ठरवावं लागेल. पाहुण्यांतलीच वापरता दर वेळी."

"मग?"

"मग ठरवू की. कपबशी ठरवायला काय लागतं."

मामा म्हणाला, "बघू."

ती म्हणाली, "जोगळेकर आला की?"

"बघू म्हटलं ना."

त्यानंतरचे दिवस फार सभ्यपणे गेले. मामानं तिला पाण्याची टाकी, गॅसची नळी, सगळं पुन्हा दाखवलं. तिनं संक्रांतीला तिळगूळ केला, लिमला दिला, ऑफिसातल्या बाईला दिला. मामा-मामीत भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. मामी रोज एकदा विचारायची, "काय ठरलं?" मामा रोज "बघू" म्हणायचा. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं नाही.

चांगी विमानतळावर मीही गेलो. मामीची सूटकेस आता हलकी होती. आत जायच्या काचेच्या दारापाशी एक शीख सिक्युरिटीवाला तिकीट-पासपोर्ट बघून माणसं सोडत होता, त्याच्यापुढे रांग. रांग सरकली आणि मामीची पाळी जवळ आली.

इथे एक घोटाळा झाला. आपल्याकडे जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. तो 'येतो' म्हणतो, आणि राहणारा त्याला 'ये' किंवा 'या' म्हणतो. लग्न झाल्यापासून या दोघांत जाणारा कायम मामा होता. मुंबईच्या विमानतळावर, रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर, घराच्या ओट्यावर, कायम तोच म्हणणार 'येतो', आणि तीच म्हणणार 'या'. दुसऱ्याचं वाक्य दोघांनीही कधी म्हटलेलं नव्हतं.

मामी ट्रॉलीच्या दांडीवर हात ठेवून उभी होती. तिनं मामाकडे बघितलं, बोलायला तोंड उघडलं. मामा गडबडला आणि सवयीनं तिच्याआधी बोलून गेला.

"येतो," मामा म्हणाला.

"या," मामी म्हणाली. तेही सवयीनंच आलं असावं.

मग दोघंही थांबली. काय झालं ते आधी मामीच्या लक्षात आलं. मी बघत होतो. तिच्या चेहऱ्यावर ते आधी आलं. मामाचे कान लाल व्हायला लागले होते, तो आता दुरुस्ती करणार होता. तिनं ती करू दिली नाही. ट्रॉली वळवली, तिकीट दाखवलं आणि काचेच्या दारातून आत गेली, सरळ, भराभर, मागे न बघता. घराकडे इतक्या घाईनं जाताना मी तिला पहिल्यांदाच बघत होतो.

"मी चुकून म्हणालो," मामा म्हणाला.

"माहीत आहे."

"तिला माहीत आहे का?"

"तिला जास्त माहीत आहे, मामा."

"मग ती वाट बघत बसेल," तो म्हणाला, आणि रांग सोडून दाराकडे निघाला. धावत नाही, पण चालण्याच्या पुढे. शिखानं हात आडवा केला.

"पॅसेंजर ओन्ली, अंकल."

"मला माझ्या बायकोला एक सांगायचंय," मामानं त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याचा श्वास लागला होता. "मी तिला म्हटलं की मी येतोय. पण तसं नव्हतं म्हणायचं. आमच्यात जाणारा माणूस येतो म्हणतो. पण मी जात नव्हतो. जात ती होती."

शिखानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. काचेपलीकडे मामी लहान होत होती.

"ओके, अंकल," तो म्हणाला. "सो, यू कमिंग ऑर गोइंग?"

मामानं माझ्याकडे बघितलं. मी वर उड्डाणांच्या फलकाकडे बघितलं. मामा पुन्हा शिखाकडे वळला, हात वर केला, तोंड उघडलं. मागच्या माणसानं ट्रॉली पुढे ढकलली आणि "एक्सक्यूज मी" म्हणाला, तेव्हा मामा बाजूला झाला, हात तसाच अर्धा वर धरून.